गोळी चुकली, आता काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. गर्भनिरोधक साधन किंवा पाळी जातानाचं हार्मोनचं औषध कसं घ्यायचं हे सगळ्यांना सांगितलेलं असतं, चुकलं तर काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. पाकिटातल्या घडीच्या कागदावर ते असतं खरं, पण मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. म्हणून आजच्या उत्तरांत भर चुकांवरच आहे. कोणतं औषध घ्यायचं हे तुमचं बीपी, वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ठरवतील. ते नीट लागू पडावं यासाठी काय करायचं, तेवढं इथे.

प्रश्न : सिस्टर, मी गर्भनिरोधक गोळ्यांचं २१ चं पाकीट घेते, रात्री जेवणानंतर. या आठवड्यात गुरुवारची आणि शुक्रवारची, म्हणजे १७ आणि १८ नंबरची गोळी राहिली. आज शनिवारी सकाळी लक्षात आलं. राहिलेल्या दोन्ही आणि आजची अशा तिन्ही एकदम घेऊ, की हे पाकीट सोडून पाळी आल्यावर नवं सुरू करू?

उत्तर : दोन्ही नको. १८ नंबरची गोळी आत्ताच घ्या. १७ नंबरची टाकून द्या. १९ नंबरची आज रात्री नेहमीच्या वेळी. म्हणजे एका दिवसात दोन गोळ्या होतील. थोडं मळमळेल, अपाय नाही. रविवारी २०, सोमवारी २१. आणि मंगळवारी एकही दिवस न सोडता नव्या पाकिटातली पहिली गोळी. या महिन्यात सात दिवसांची सुट्टी घ्यायची नाही. आजपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत, कंडोम वापरा. गुरुवारच्या आधीचे सात दिवस गोळ्या नीट घेतल्या असतील तर तातडीच्या (७२ तासांच्या) गोळीची गरज नाही. या महिन्यात पाळी येणार नाही किंवा मधेच डाग दिसतील. त्याने घाबरून पाकीट थांबवू नका.

हे असं का, ते समजलं की नियम पाठ करावा लागत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशा दोन हार्मोनच्या या गोळ्या बीजकोशाला झोपवून ठेवतात. झोपवायला सलग सात गोळ्या लागतात. गोळ्या बंद केल्या तर सात दिवसांपर्यंत तो पुरता जागा होत नाही. सुट्टीचे सात दिवस ही सवलत काठोकाठ वापरून टाकतात. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या चुकल्या आणि त्यानंतर सुट्टीही घेतली, तर खंड लांबतो. म्हणून सुट्टी रद्द. त्या सुट्टीत होणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, हार्मोन थांबल्यामुळे अस्तर गळतं इतकंच. तो एखाद्या महिन्यात झाला नाही तर शरीराचं काही बिघडत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. बहुतेकींना वाटतं की पाकिटाच्या मधली गोळी चुकणं सर्वांत वाईट. खरा धोका पहिल्या आठवड्यात आहे. सुट्टीचे सात दिवस आणि वर चुकलेले दोन, म्हणजे नऊ दिवसांचा खंड. पहिल्या आठवड्यात दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या उपायासाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पुढचे सात दिवस कंडोम वापरा. नवं पाकीट आणायला दोन दिवस उशीर होणं हीसुद्धा हीच चूक आहे, फक्त ती चूक म्हणून कोणी मोजत नाही. पुढचं पाकीट आधीच घरात ठेवा.

एकच गोळी राहिली आणि शेवटची गोळी घेऊन ४८ तास झाले नसतील, तर आठवताच ती घ्या आणि पुढची वेळेवर. कंडोम लागत नाही. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. उलट्या-जुलाब २४ तासांहून जास्त चालले तर तेवढे दिवस गोळी चुकली असं धरा. २८ गोळ्यांच्या पाकिटातल्या शेवटच्या वेगळ्या रंगाच्या सात गोळ्यांत बहुधा लोह किंवा साखर असते. त्या राहिल्या तर बिघडत नाही, पण नवं पाकीट ठरल्या दिवशीच सुरू व्हायला हवं. तुमच्यासारखी चूक तिसऱ्या आठवड्यात झाली तर या सात गोळ्या टाकून थेट नवं पाकीट उघडायचं.

नियमाबरहुकूम घेतल्या तर वर्षभरात १०० जणींपैकी एकीलाही क्वचितच दिवस जातात. प्रत्यक्षात ही संख्या ७ च्या आसपास असते. मधला फरक असा चुकांचा आहे.

प्रश्न : बाळ अडीच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. मला ‘फक्त एका हार्मोनची’ गोळी दिली आहे. काल पाच तास उशीर झाला. चालेल ना?

उत्तर : पाकिटावर औषधाचं नाव वाचा, उत्तर त्यावर आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉन असेल तर सवलत ३ तासांचीच. तुमची गोळी चुकली. आठवताच घ्या, पुढची वेळेवर घ्या आणि दोन दिवस कंडोम वापरा. डेसोजेस्ट्रेल असेल तर सवलत १२ तासांची, म्हणजे काही करायची गरज नाही. जुन्या प्रकारची गोळी मुख्यतः गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट करते. तो परिणाम दिवसभरात उतरायला लागतो, म्हणून घड्याळ इतकं कडक. डेसोजेस्ट्रेल बीज बाहेर पडणंही बहुतेक वेळा रोखतं. या गोळ्यांना सुट्टी नसते. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं.

तुमच्या बाबतीत थोडा आधार दुधाचाही आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही आणि बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, अगदी पाणीही नाही, या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर गर्भ राहण्याची शक्यता कमी असते. पाजण्यात दिवसा ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त अंतर पडू नये. तीनपैकी एक अट मोडली की हा आधार संपला.

प्रश्न : तांबीचा दोरा बोटाला लागत नाही.

उत्तर : ओढून काढायचा किंवा आत शोधायचा प्रयत्न करू नका. तपासणी होईपर्यंत कंडोम वापरा. बहुतेकदा दोरा वर गुंडाळला गेलेला असतो. पण तांबी नकळत पडून गेली असेल किंवा क्वचित पिशवीच्या भिंतीत रुतली असेल, हे सोनोग्राफीनेच कळतं. तीनशेऐंशी-ए प्रकारची तांबी १० वर्षं चालते, तेव्हा बसवल्याची तारीख लिहून ठेवा. पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला दुखतंय, असं असेल तर वाट पाहू नका. तांबी असताना दिवस गेलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता तपासावी लागते.

प्रश्न : तीन महिन्यांच्या इंजेक्शनने आधी वीस-वीस दिवस डाग पडत होते, आता पाळीच नाही. रक्त आत साठतं का? आणि यावेळी तारीख आठवडाभर उलटून गेली आहे.

उत्तर : साठत नाही. या औषधाने गर्भपिशवीचं अस्तर पातळ होतं, गळायलाच काही उरत नाही. वर्षभर घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांची पाळी थांबते. सुरुवातीचे डागही अपेक्षित असतात. हे पहिल्या इंजेक्शनच्या आधीच सांगायला हवं होतं. न सांगितल्यामुळे कित्येकजणी दुसऱ्या इंजेक्शनला येतच नाहीत.

तारखेचं सोपं गणित करा. ‘तीन महिने’ मोजू नका, १३ आठवडे मोजा. पहिलं सोमवारी घेतलं असेल तर पुढचंही सोमवारीच येईल. तुमच्या तीन महिन्यांच्या, म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या १५० मिलिग्रॅम इंजेक्शनला एक आठवडा उशीर झाला असेल तर सहसा ते तसंच देतात, जास्तीची खबरदारी लागत नाही. आजच जा. मागच्या इंजेक्शनला १५ आठवडे उलटून गेले असतील तर आधी गरोदरपण नाही याची खात्री करावी लागेल आणि नंतर सात दिवस कंडोम. दोन महिन्यांचं नॉरएथिस्टेरॉनचं इंजेक्शन वेगळं असतं, ते दर ८ आठवड्यांनी. कार्डावर नाव लिहून घ्या, कारण बोलताना दोन्हींना ‘ते इंजेक्शन’च म्हणतात.

टोचलेली जागा चोळू नका, शेकूही नका. चोळल्याने औषध भराभर शोषलं जातं आणि पुढच्या तारखेपर्यंत पुरत नाही. आणखी एक गोष्ट : थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी १० महिने. वर्षभरात मूल हवं असेल तर दुसरी पद्धत निवडलेली बरी. दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता थोडी कमी होते आणि बंद केल्यावर ती बरीचशी भरून येते.

प्रश्न : सर्दी-खोकल्यासाठी अँटिबायोटिक चालू आहे. गर्भनिरोधक गोळी निकामी होईल का?

उत्तर : नेहमीच्या अँटिबायोटिकने होत नाही, फक्त त्यामुळे उलट्या-जुलाब झाले तर वर सांगितलेला नियम लावा. खरी अडचण टीबीच्या रिफॅम्पिसिनची आणि फिट्सच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन या औषधांची आहे. ती यकृताला हार्मोन झटपट मोडायला लावतात. ही औषधं चालू असताना आणि बंद केल्यावर आणखी चार आठवडे गोळीवर विसंबू नका. त्वचेखाली बसवायच्या कांडीवरही नाही. तांबीला मात्र काही फरक पडत नाही. फिट्सच्याच लॅमोट्रिजिनचं उलट आहे. दोन हार्मोनच्या गोळीमुळे त्याचीच रक्तातली पातळी घसरते आणि फिट येऊ शकते, म्हणून मेंदूविकाराच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरूही करू नका, बंदही करू नका.

प्रश्न : दोन महिन्यांत चार वेळा ७२ तासांची गोळी घेतली. आता पाळीचं वेळापत्रकच राहिलं नाही. गर्भपिशवीला इजा झाली असेल का?

उत्तर : इजा होत नाही. पाळी पुढे-मागे होणं या गोळीत अपेक्षितच आहे. पण ही गोळी करते काय, ते पाहा. ती बीज बाहेर पडणं काही दिवस पुढे ढकलते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा उपयोग नाही, म्हणून ७२ तास ही शेवटची मुदत समजा, सोय नव्हे. जितकी लवकर तितकी चांगली. आणि ढकललेलं बीज नंतर बाहेर येतंच. गोळी घेतल्यावर चार-पाच दिवसांनी विनासाधन संबंध आला तर ते बीज नेमकं त्याच वेळी बाहेर येत असू शकतं. ‘एकदा घेतली, महिना निभावला’ हा हिशोब इथेच फसतो.

ही गोळी, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकदाच घ्यायची, ३ तासांत उलटी झाली तर पुन्हा. वजन ७० किलोहून जास्त असेल तर ती कमी पडू शकते, तेव्हा तातडीची दुसरी गोळी युलिप्रिस्टाल ३० मिलिग्रॅम किंवा तांबीबद्दल विचारा. युलिप्रिस्टाल १२० तासांपर्यंत चालते, पण त्यानंतर पाच दिवस नेहमीची हार्मोनची गोळी सुरू करायची नसते, दोघी एकमेकींना अडवतात. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या सगळ्यांपेक्षा खात्रीची, आणि ती पुढेही राहते. दोन महिन्यांत चारदा गरज पडली याचा अर्थ तुम्हाला रोजची नाहीतर दीर्घ मुदतीची पद्धत हवी आहे. संबंधानंतर तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी करून घ्या, मधे डाग दिसले म्हणून ती टाळू नका.

प्रश्न : ऑर्मेलॉक्सिफेनची आठवड्याची गोळी रविवार आणि बुधवार अशी घेते. बुधवारची राहिली, शुक्रवारी आठवलं.

उत्तर : शुक्रवारी घ्या, रविवारची रविवारीच, आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम. उशीर सात दिवसांहून जास्त झाला असता तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. या गोळीत हार्मोन नसतं, तरी काहीजणींची पाळी लांबते. १५ दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करा.

प्रश्न : मी नुकतीच वॉर्डातून ओपीडीत आले. एका बाईमागे पाच-सात मिनिटं मिळतात. काय सांगायचं आणि काय सोडायचं?

उत्तर : माहितीपत्रक वाचून दाखवणं सोडा. आधी बीपी स्वतः मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर दोन हार्मोनची गोळी देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. १६०/१०० च्या पुढे ती गोळी नाहीच. मग विचारा : पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? वय ३५ च्या पुढे आणि सिगारेट-बिडी आहे का? बाळंतपण कधी झालं? कोणती औषधं चालू आहेत? ‘मायग्रेन आहे का’ असं विचारलं तर निम्म्याजणी नाही म्हणतात. ‘डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात का, हाताला मुंग्या येतात का’ असं विचारा. हो असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी नको, पक्षाघाताचा धोका वाढतो. सोबत आलेल्यांना दोन मिनिटं बाहेर बसवा. काही उत्तरं त्याशिवाय मिळतच नाहीत.

धोक्याच्या खुणा बोटांवर मोजून द्या : पोटात जोराची कळ, छातीत दुखणं किंवा धाप, कधी नव्हे असं डोकं दुखणं, अचानक अंधुक दिसणं किंवा जीभ अडखळणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. यांतलं काहीही झालं तर गोळी थांबवून तातडीने दवाखान्यात.

आणि शेवटी ‘समजलं ना?’ विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. पाकीट तिच्या हातात द्या आणि म्हणा, ‘मंगळवारी आणि बुधवारी गोळी राहिली, गुरुवारी आठवलं, तर काय कराल ते मला दाखवा.’ ती अडली तर तिची परीक्षा घेऊ नका, आपलं सांगणं कमी पडलं असं धरून तेवढाच भाग पुन्हा सांगा.

प्रश्न : वय ५१. शेवटची पाळी पाच महिन्यांपूर्वी. रात्री घामाने जाग येते, म्हणून इस्ट्रोजेनचं जेल आणि महिन्यात १२ दिवस प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली आहे. कॅप्सूलने झोपाळल्यासारखं होतं, शिवाय पाळीसारखं रक्त जातं. घाम तर जेलनेच थांबला. नुसतं जेल लावलं तर? मैत्रीण म्हणते, हार्मोनने कॅन्सर होतो. आणि आता गर्भनिरोधक साधनाची गरज नाही ना?

उत्तर : तीन प्रश्न आहेत, सर्वांत महत्त्वाचा पहिला. कॅप्सूल सोडू नका. इस्ट्रोजेन गर्भपिशवीचं अस्तर वाढवतं. एकटंच मिळत राहिलं तर अस्तर जाड होत जातं आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन त्याला लगाम घालतं. घाम थांबवणं हे त्याचं काम नाही, म्हणून ‘याने काही फरक पडत नाही’ असं वाटून अनेकजणी नेमकं तेच बंद करतात. नुसतं इस्ट्रोजेन सहसा गर्भपिशवी काढलेल्या बाईलाच देतात. झोप येते ना? मग कॅप्सूल निजतानाच घ्या, जेवणाला लागून नको, कारण अन्नाबरोबर ती जास्त शोषली जाते आणि गुंगी वाढते. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, ॲलर्जी असेल तर पाहून घ्या. कॅप्सूल संपताना होणारा रक्तस्राव या पद्धतीत अपेक्षितच आहे. पाळी जाऊन वर्ष झालं की दोन्ही औषधं रोज घ्यायची पद्धत सुरू करता येते, त्यात तो हळूहळू थांबतो. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अनियमित डाग चालतील. त्यापुढेही राहिले किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफी करून घ्या.

जेल लावताना कोरड्या त्वचेवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर, पातळ पसरा. छातीवर कधीच नाही. चोळून जिरवायचं नसतं. पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा, तासभर त्या जागी पाणी किंवा क्रीम नको. त्यात अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत पेटत्या शेगडीजवळ जाऊ नका. लहान मूल कडेवर घेणार असाल तर ती जागा कपड्याने झाका, औषध स्पर्शाने त्याच्या अंगाला लागू शकतं.

कॅन्सरची धास्ती मुख्यतः २००२ साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाच्या बातमीपासून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि त्या घोड्याच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनबरोबर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन पोटातून घेत होत्या. वर्षाला १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण जास्त आढळले, खुब्याचं हाड मोडण्याचे ५ कमी. धोका शून्य नाही, पण ‘हार्मोनने कॅन्सर होतो’ या तीन शब्दांत तो मावतही नाही. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं होण्याआधी सुरू केलं तर फायद्याचं पारडं सहसा जड राहतं. गुठळीचा धोका पोटातून घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळीने वाढतो, नेहमीच्या मात्रेत त्वचेवरून दिलेल्या औषधाने वाढलेला दिसत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल किंवा यकृताचा आजार चालू असेल, तर हे उपचार सहसा देत नाहीत.

आणि साधन अजून हवं. तुमच्या उपचारातली मात्रा बीज रोखायला पुरेशी नसते. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत पाळी गेली तर दोन वर्षं साधन वापरायचं असतं. तुम्हाला मात्र कॅप्सूलमुळे दर महिन्याला रक्त जातं, खरी पाळी गेली की नाही हे त्यावरून कळणार नाही. अशा वेळी ५५ वर्षांपर्यंत साधन चालू ठेवतात. तांबीसारखं गर्भाशयात ठेवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोनचं ५२ मिलिग्रॅमचं साधन बसवलं तर ते कॅप्सूलचंही काम करते आणि गर्भनिरोधाचंही, शिवाय झोपही येत नाही. पुढच्या भेटीत हे विचारून पाहा.

प्रश्न : पाळी जाऊन सहा वर्षं झाली. योनीत कोरडेपणा, संबंधाच्या वेळी आग. आत ठेवायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांत फरक नाही, बंद करू का?

उत्तर : दहा दिवस फार थोडे झाले. साधारण क्रम असा : पहिले दोन आठवडे रोज रात्री एक, मग आठवड्यातून दोनदा. पुरता परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कारण पातळ झालेली त्वचा नव्याने जाड व्हायची असते. तोवर संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारं वंगण वापरा. कंडोम वापरत असाल तर तेलकट वंगण नको, लॅटेक्स फाटतं. इतक्या कमी मात्रेत औषध रक्तात फारसं जात नाही, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. आराम पडला म्हणून बंद केलं तर काही आठवड्यांत त्रास परत येतो. आणि पाळी जाऊन सहा वर्षं झालेली असताना अंगावरून रक्ताचा एक डाग जरी गेला, तरी तो या गोळीच्या खाती न टाकता तपासून घ्या.